घरबशा कारकून

आमच्या घरमालकांनी कॉम्प्युटर विकत घेतला, तेव्हा तो खोक्यातून बाहेर काढल्यावर त्यांनी माझ्याकडे सर्वांत आधी स्क्रू ड्रायव्हर मागितला. मला वाटलं, काही बसवायचं असेल. त्यांना काढायचं होतं. मागच्या बाजूला वायफायच्या दोन शेंड्या होत्या, त्या त्यांनी पिळून काढल्या. मग झाकण उघडून आतलं वायफायचं कार्ड उपटलं, पाकिटात घातलं, पाकिटावर तारीख टाकून सही केली आणि मला म्हणाले, "हे तुमच्या दुकानात ठेवा. माझ्या घरात नको."

"काका, त्याला काय पाय फुटणारेत?"

"पाय नाहीत, तोंड आहे त्याला."

त्यांचं घर रत्नागिरीत, कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर. पडवीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, मागे ते आणि काकू. माझा नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. त्यामुळे दुकान, वाडीतलं घर आणि त्यामागची हापूसची चाळीस कलमं हे सगळं माझ्याकडे. मला कोणाच्या लहरी सांभाळायला वेळ नसतो. काकांच्या सांभाळल्या, कारण भाडं वाढवा म्हणून ते कधी बोलले नाहीत आणि दुकानात येऊन कधी बसले नाहीत. असा घरमालक दुसरा मिळत नाही.

चाळीस वर्षं त्यांनी दस्त लिहिले. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं. पक्का कागद पक्षकार घेऊन जायचा, पण कच्चा खर्डा काका ठेवून घ्यायचे, आणि त्या खर्ड्यावरसुद्धा सगळ्यांच्या सह्या घ्यायचे. म्हणायचे, "पक्का कागद घरात जातो. घरात वाळवी असते आणि भाऊ असतात."

त्यामुळे अर्ध्या जिल्ह्याची गुपितं त्यांच्या माजघरातल्या अकरा पत्र्याच्या ट्रंकांत होती. लोकांना ते ठाऊक होतं. कोणी ना कोणी झेरॉक्स काढायच्या निमित्तानं यायचं आणि आत डोकवायचं. "काका, सहज विचारतो, आमच्या चुलत्यानं मृत्युपत्रात घर कोणाला दिलंय?"

"सहज विचारताय ना? मग सहज परत जा."

या ट्रंका लावायची त्यांची पद्धत मी जगात दुसरीकडे पाहिलेली नाही. सालाप्रमाणे नाही, गावाप्रमाणे नाही, आडनावाप्रमाणे तर नाहीच. पक्षकार येताना काय घेऊन आला, त्याप्रमाणे. काजूची ट्रंक, कुळथाची ट्रंक, सुक्या बांगड्यांची ट्रंक, फणसाची ट्रंक. त्यांचं म्हणणं, माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, बाई लग्नानंतर आडनाव बदलते, पण दस्त लिहायला येताना त्यानं काय आणलं ते बदलत नाही. "देवरूखचे ते दोघे भाऊ हो, एकानं काजूगर आणले, दुसऱ्यानं काहीच नाही. तिथंच मला कळलं वाटणी कशी होणार ते." आणि सरळ जाऊन काजूच्या ट्रंकेतून तो कागद काढून आणायचे. काहीच न आणणाऱ्यांची एक वेगळी ट्रंक होती. ती सर्वांत जड होती.

पंचाहत्तरी ओलांडल्यावर मात्र घोटाळा व्हायला लागला. एका मृत्युपत्रासाठी त्यांनी तीन दिवस फणसाची ट्रंक उपसली आणि ते निघालं कोकमाच्या ट्रंकेत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "अहो, विसरतात माणसं," काकू म्हणाल्या. "माणसं विसरोत," काका म्हणाले, "मी माणूस म्हणून बसत नव्हतो तिथं. लोकांचा कागद म्हणून बसत होतो."

त्याच सुमारास पेपरात एआयबद्दल वाचून त्यांनी पुण्यातल्या मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, फोनवर फुकट मिळतं बाबा, काहीही विचारा. काका म्हणाले, "फुकट राबणारा कारकून पगार दुसरीकडून घेत असतो. मला घरात राहणारा पाहिजे." मुलानं मग सांगितलं की तसाही असतो. चॅटबॉटचं अख्खं मॉडेल आपल्याच मशीनवर उतरवून घ्यायचं, मग नेट लागत नाही, विचारलेलं काही घराबाहेर जात नाही. हे वाक्य काकांनी दोनदा म्हणून घेतलं आणि मुलाकडून जुनं गेम खेळायचं मशीन विकत घेतलं. मुलगा देऊन टाकत होता. काकांनी पैसे मोजून पावती घेतली.

मॉडेल उतरवायचं काम माझ्या दुकानातल्या नेटवर. दोन दिवस लागले. ते पेनड्राइव्हवर घालून मी उंबऱ्यापर्यंत नेलं. काकांनी आतून हात पुढे केला, पेनड्राइव्ह घेतला आणि काम झाल्यावर तो परत न देता कपाटात ठेवला. म्हणाले, "आत आलेलं बाहेर जात नाही." माझा होता तो. असो.

त्याला ते कारकून म्हणत. हा कारकून सावकाश लिहायचा. एकेक शब्द पडद्यावर यायचा, जसा नळाला पाणी कमी असल्यावर थेंब येतो. मला तगमग व्हायची. काका खूश. "विचार करून लिहितो. आमच्या वेळच्या वकिलांना हे कधी जमलं नाही." त्याचं मराठी अर्धं हिंदी होतं. काका उत्तर माझ्याकडून, मशीनला वायरीनं जोडलेल्या प्रिंटरवर, छापून घ्यायचे, लाल पेनानं दुरुस्त करायचे आणि पुन्हा टाइप करून त्याला दाखवायचे. प्रश्न विचारायचे तेही दस्ताच्या भाषेत. "तरी याबाबत आपले म्हणणे काय, ते लिहून कळवावे."

मशीनचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि काकूंचा मिक्सर त्याच लाइनवर होता. दोन्ही एकदम चालू झाले की फ्यूज उडायचा. म्हणून सकाळी नऊ ते साडेनऊ नारळाचं वाटण, तेवढा वेळ कारकुनाला सुट्टी. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "झाला का हो तुमचा जबाब? मला माशांचं वाटण लावायचंय!" एका मे महिन्यात पाऊस लवकर आला, तेव्हा काकूंनी आमसुलं सुपात घालून मशीनच्या पाठीमागे ठेवली. आतून गरम वारा यायचाच. तीन दिवसांत खडखडीत वाळली. काकूंचं त्या दिवसापासून यंत्राबद्दल मत बरं झालं.

आता हे सगळं चालायला ट्रंकांतलं कारकुनाला कळायला हवं. खर्डे हातानं लिहिलेले, ते त्याला वाचता येईनात. मग काकांनी प्रत्येक खर्ड्याचा गोषवारा स्वतः टाइप करायला घेतला, दोन बोटांनी. दोन वर्षं ते हेच करत होते. नऊ ट्रंका झाल्या, दोन राहिल्या होत्या, तेव्हा माझं प्रकरण उपटलं.

माझे मोठे दीर मुंबईची नोकरी संपवून वाडीत कायमचे राहायला आले. आल्या आल्या त्यांनी जांभ्या दगडाचे चिरे मागवले आणि दोन घरांमधल्या वाटेवर कुंपणाचा गडगा बांधायला काढला. पहिला थर बसला, तेव्हा मला कळलं की वाट चार फूट उरणार.

"भावोजी, चार फुटांतून माझा आंब्याचा टेम्पो कसा आत येणार?"

"टेम्पो रस्त्यावर लाव. पेट्या काय, डोक्यावरून नेता येतात."

"कोणाच्या डोक्यावरून?"

यावर ते चिरे मोजायला गेले.

चाळीस कलमांच्या पेट्या डोक्यावरून रस्त्यावर आणायच्या म्हणजे त्या मोसमात एक तर आंबा विकायचा किंवा माणसं शोधत फिरायचं. मी तहसीलदारांकडे अर्ज केला. तारीख मंगळवारची पडली. पुरावा म्हणजे सासऱ्यांनी दोन भावांचं केलेलं वाटणीपत्र. पक्का कागद दिरांकडे होता, तो वाळवीनं खाल्ला असं ते सांगत होते. वाळवी त्यांच्या घरात वाचून खात असावी. पण ते वाटणीपत्र काकांच्या हातचं होतं, म्हणजे खर्डा ट्रंकेत असणार. माझा नवरा त्यातला एक पक्षकार, त्यामुळे काकांची हरकत नव्हती. "विचारा कारकुनाला," ते म्हणाले आणि बागेत गेले.

मी विचारलं. थेंब थेंब उत्तर आलं. सदर वाटणीपत्रातील कलम सातनुसार वाट आठ फूट रुंद असून ती उभय बंधूंच्या सामायिक वहिवाटीची राहील.

मी आनंदानं प्रिंट काढली. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. मी दिरांना फोन करून सांगितलं, कलम सात, आठ फूट. मग मी त्या वाक्यासकट जबाब टाइप केला आणि सही करून पाकिटात घातला. काका बागेतून आले, त्यांनी प्रिंट वाचली आणि चष्मा काढला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"काका, तुमच्याच खर्ड्यातलं आहे."

"माझ्या वाटणीपत्रात कलमं नसतात. आणि बाई, मी आयुष्यात वाटेला कधी फूट लावलेला नाही."

ते खरं होतं. मीच त्यांचे कितीतरी खर्डे झेरॉक्स केले होते. काका वाट लिहायचे ती वापरणाऱ्याच्या मापानं. विहिरीची वाट दोन्ही कमरांवर कळशी घेतलेल्या बाईची. गुरांची वाट शिंगं न अडता दोन बैल जातील एवढी. ते म्हणायचे, फूट लिहिला की माणूस फूटपट्टी घेऊन भांडतो, बैल लिहिला की आधी बैल आणावा लागतो, तोवर राग उतरतो.

त्यांनी बसून टाइप केलं, "सदर वाक्य कोठून घेतले, ते लिहून कळवावे." कारकुनानं माफी मागितली आणि सांगितलं, ते कलम सात नसून अकरा आहे. काकांनी पुन्हा विचारलं. आता ते पान बेचाळीसवर गेलं. वाटणीपत्र सगळं मिळून चार पानांचं असतं.

"हा कारकून नाही," काका म्हणाले, "हा भाड्याचा साक्षीदार आहे. विचाराल तितक्या वेळा नवी साक्ष."

घोटाळा लगेच कळला. मशीनमध्ये शोधलं, आमच्या खर्ड्याचा गोषवारा नव्हताच, म्हणजे खर्डा उरलेल्या दोन ट्रंकांपैकी एकीत होता. नाही म्हणायचं सोडून कारकुनानं मला हवं ते लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, "काका, राहू दे ना आठ फूट. कागद वाळवीनं खाल्लाय, कोण बघायला जातंय?"

"मी बघतोय."

"माझी बाजू खरी आहे."

"खऱ्या बाजूनं आलेला खोटा कागद खोटाच. फाडा तो जबाब."

मी फाडला. वाकडं तोंड करून फाडला. दिरांना आठ फूट सांगून बसले होते, मंगळवार तीन दिवसांवर होता आणि हातात काही नव्हतं.

"तुमचे सासरे येताना काय घेऊन आले होते?" काकांनी विचारलं. एक ट्रंक उपसायला तीन दिवस, आणि ट्रंका दोन; कुठली ते त्यांना स्वतःला आठवत नव्हतं. ते त्यांनी कबूल केलं, आणि हे त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं. सासरे नाहीत, सासूबाई नाहीत, नवरा कुठल्याशा समुद्रात. आठवणारी एकच व्यक्ती होती. माझी मोठी जाऊ, म्हणजे ज्यांनी गडगा घातला त्यांचीच बायको. मी फोन लावला.

"वहिनी, मामंजी वाटणीपत्र लिहायला रत्नागिरीस गेले, तेव्हा काय घेऊन गेले होते हो?"

एक क्षणही थांबल्या नाहीत. "माझ्या हातच्या सांडग्या मिरच्या, डबाभर. तुझ्या नव्हेत गो, तू तेव्हा नवी होतीस, तुला मिरचीत मसाला कुठून भरतात तेपण ठाऊक नव्हतं. का विचारतेस?"

"सहजच," मी म्हटलं.

सांडग्या मिरच्यांची ट्रंक कपाटाच्या मागे होती. खर्डा वरून सहावा. चार सह्या, त्यातली एक दिरांची, ठळक. आणि वाटेबद्दल काकांच्या अक्षरात एवढंच: डोईवर गवताचा भारा घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या असता, कोणीही बाजूला न होता पार होतील एवढी.

"हे आठ फुटांपेक्षा कमी भरलं तर?" मी विचारलं.

"तर कमी," काका म्हणाले आणि मिरच्या चांगल्या होत्या असं सांगून जेवायला गेले.

तहसील कचेरीत खर्डा वाचल्यावर जागेवर पाहणी करायची ठरली. मंडल अधिकारी वाडीत आले, तोवर गडगा खांद्याला लागला होता. काका छत्री घेऊन रिक्षानं आले आणि आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. दीर म्हणाले, "साहेब, हल्ली कोण भारे आणतंय? माझ्याकडे ग्रासकटर आहे."

साहेबांनी खर्डा पुन्हा वाचला, हसू आवरलं आणि म्हणाले, "लिहिलंय ते लिहिलंय. सह्या तुमच्याच. दोन बाया आणा आणि दोन भारे."

दसरा नुकताच झाला होता, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवत कमरेएवढं. पण भारा बांधणार कोण? मला येत नाही. वाडीतल्या तरुण बायकांना येत नाही. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी विळा घेऊन निघाल्या, तेव्हा दिरांनी त्यांना गाठून हळूच सांगितलं, "बारका बांध. पेंढीएवढा."

वाडीत हळू बोललेलंच आधी ऐकू जातं. वहिनी वळल्या. "पेंढी वेगळी, भारा वेगळा. साहेबांच्या समोर मी पेंढी घेऊन चालू? चार वाड्यांत माझा भारा ठाऊक आहे."

"अगो, पण गडगा आपला..."

"गडगा तुमचा. भारा माझा."

त्यांनी माझी बाजू घेतली असं कोणी म्हणू नये. त्यांनी भाऱ्याची बाजू घेतली. तासाभरात दोन भारे उतरले, दोन्ही त्यांनीच बांधलेले. माझ्या डोक्यावर एक ठेवला, तेव्हा मला फक्त माझे पाय आणि थोडी जमीन दिसत होती.

"दोघींनी हात सोडून चालायचं," काका खुर्चीतून म्हणाले. "सराईत बाई भाऱ्याला हात लावत नाही."

वहिनी हात सोडून निघाल्या, ताठ, जणू डोक्यावर काही नाहीच. मी दोन्ही हातांनी भारा धरून निघाले. समोरासमोर आलो आणि गवत खसकन दगडाला घासलं.

"लागला!" वहिनी ओरडल्या. "लागला गो, हलू नको आता!"

त्यांचा भारा गडग्याच्या वरच्या थरावर चढला होता. आम्ही तशाच उभ्या राहिलो, मानेला रग लागली तरी. साहेबांनी दोन्ही भाऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना टेप धरली. नऊ फूट चार इंच. दीर म्हणाले की मी हात वर धरल्यामुळे कोपरं बाहेर आली, ते चार इंच कोपरांचे आहेत. ते अजूनही तेच म्हणतात. साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "नवशिक्या बाईनं चालू नये असं मी लिहिलेलं नाही."

गडगा मागे सरला. पुढच्या मोसमात टेम्पो थेट कलमांखाली आला.

काका मात्र आदेशाची प्रत वाचून चिडले. त्यात नऊ फूट चार इंच लिहिलं होतं. "भारा का नाही लिहिला? आता पुढची पिढी इंचावरून भांडणार." दोन दिवस ते तहसील कचेरीवर रागावलेले होते. माझ्या विजयाबद्दल त्यांनी अभिनंदन केलं नाही.

मग त्यांनी कारकुनाला ताळ्यावर आणलं. मशीनमध्ये सगळ्या प्रश्नांच्या वर एक कायमची सूचना लिहून ठेवता येते. तिथं त्यांनी लिहिलं, "माहीत नसल्यास माहीत नाही असे म्हणावे. कोणाच्याही सोयीचे लिहू नये." त्यानंतर आठ-दहा दिवस कारकून कशालाही माहीत नाही म्हणत होता. काकूंनी मुद्दाम विचारलं, भातात पाणी किती घालू? माहीत नाही. काका समाधानानं म्हणाले, "आता शहाणा झाला." उरलेल्या दोन ट्रंका टाइप करायचं काम त्यांनी थांबवलं नाही. सांडग्या मिरच्यांपासून सुरुवात केली.

ते काम संपल्यावर सहा महिन्यांनी काका गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. त्यांनी लिहून ठेवलं होतं की प्रत्येक खर्डा ज्याचा त्याच्या घरी पोचवावा आणि मशीनमधला गोषवारा नंतर पुसावा. त्यांचा मुलगा आणि मी रविवारी रविवारी गाडी घेऊन फिरलो, सावर्ड्यापासून खाली राजापूरच्या बाजूपर्यंत. कोणी रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. काजू, कुळीथ, एका घरी जिवंत कोंबडा. काहीच न आणणाऱ्यांच्या ट्रंकेतल्या घरांनी या वेळीही काही दिलं नाही.

काकू मुलाकडे गेल्या. मशीन मुलानं मला दिलं. "वायफायचं कार्ड बसवून देऊ?" त्यानं विचारलं. पाकीट माझ्या खणात होतं, काकांच्या सहीसकट. मी नको म्हटलं. दुकानातले अर्ज लिहायला ते तसंच बरं पडतं.

गोषवारा सगळा पुसला. वरची सूचना तेवढी राहिली होती. ती काकांनी नंतर कधी वाढवली होती का, मी पाहिलं नव्हतं. परवा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी टाइप केलं, गवताचा भारा किती फुटांचा असतो?

थेंब थेंब उत्तर आलं. "माहीत नाही. बांधणाऱ्या बाईस विचारावे."

मी वहिनींना फोन करून हे वाचून दाखवलं. दिरांशी माझं अजून कामापुरतंच बोलणं आहे, पण वहिनींशी बरं असतं.

"मग विचार म्हणावं त्याला," त्या म्हणाल्या. "पण चारच्या आत. नंतर मी कामात असते."